वेळेआधीचा पेढा

त्या घरात दूध उतू गेलं तर शेगडी लगेच बंद करायची, एवढं काकांना मान्य होतं. ओटा मात्र पुसायचा नाही. ओटा तसाच ठेवून घरातल्या सगळ्यांना हाक मारायची, दूध कुणी ठेवलं, कुणी पाहिलं, कुणी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं याचा छडा लावायचा, आणि मगच फडक्याला हात लावायचा. "आधी दोष ठरू दे, मग पुसा," हे त्यांचं वाक्य मी राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं. तोवर दूध ओट्यावर वाळलेलं असे आणि काकू ते सुरीने खरवडत काहीतरी पुटपुटत असत.

दोन हजार चार साली मी संख्याशास्त्रात एमएस करायला पेनसिल्व्हेनियातल्या त्या डोंगराळ कॉलेजगावात गेले आणि काकांच्या तळघरातली खोली भाड्याने घेतली. गॅरेजवरच्या खोलीत नागपूरचा गिरीश राहायचा. तो मेकॅनिकलला होता आणि कायम भुकेला असायचा. खोली बघायला गेले तेव्हा मी उत्तरांची तयारी करून गेले होते: स्वयंपाक येतो, सिगरेट ओढत नाही, गाणी मोठ्याने लावत नाही. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "मॅच बघताना मध्ये उठायची सवय आहे का तुला?"

"मी मॅच बघतच नाही," मी म्हटलं.

"उत्तम. म्हणजे वाईट सवयी मोडाव्या लागणार नाहीत," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

काका मूळचे मिरजेचे. साठच्या दशकात धातुशास्त्रात पीएचडी करायला आले आणि त्याच युनिव्हर्सिटीत नोकरी करून निवृत्त झाले. त्यांचं काम म्हणजे मोडलेल्या वस्तू बघणं. पुलाचा बोल्ट तुटला, कारखान्यातल्या यंत्राचा दात उडाला, की ती वस्तू त्यांच्या टेबलावर यायची आणि ती का मोडली ते काका सांगायचे. निवृत्तीनंतर टेबल घरी आलं आणि बोल्टांच्या जागी काकूंच्या कुकरची दांडी, माझ्या छत्रीची काडी असल्या गोष्टी आल्या. "काहीही उगाच मोडत नाही," ते भिंग डोळ्याला लावून म्हणायचे. "आणि तडा दिसतो एकीकडे, सुरू झालेला असतो भलतीकडेच." छत्री मात्र त्यांनी दुरुस्त करून दिली नाही. कारण सापडलं की त्यांचा त्या वस्तूतला रस संपायचा.

अशा माणसाने खेळाच्या बाबतीत तरी डोकं ठिकाणावर ठेवावं, अशी माझी अपेक्षा होती. पण शरद ऋतू सुरू झाला, कॉलेज फुटबॉलचे शनिवार आले, आणि काकांनी काकूंनी विणलेली जांभळी माकडटोपी डोक्यावर चढवली. जांभळा हा आमच्या टीमचा रंग. ऑक्टोबरात अंगात हाफशर्ट आणि डोक्यावर माकडटोपी, अशा वेशात ते टीव्हीच्या खोलीत सगळ्यांच्या जागा ठरवायचे.

मिरजेला त्यांच्या घरी रेडिओवर क्रिकेटच्या कसोटीची कॉमेंट्री लागायची. आपला फलंदाज टिकून असला की खोलीत जो जसा बसला असेल त्याने तसंच बसून राहायचं, एवढंच काय, पाय आखडला तरी सरळ करायचा नाही, असा त्यांच्या वडिलांचा कायदा होता. हा कायदा काकांनी समुद्रापार आणला आणि अमेरिकन फुटबॉलला लावला. टीमने गुण मिळवले त्या क्षणी तुम्ही जिथे असाल ती तुमची जागा. एकदा गिरीश नेमका बाथरूममध्ये असताना जांभळ्यांनी सगळं मैदान कापत चेंडू पार टोकाला नेला. गिरीश दार उघडून बाहेर येत होता. काका जागेवरूनच ओरडले, "आत जा, आत जा."

"काका, अरे यार, किती वेळ?"

"ते टीमवर अवलंबून आहे."

पुढचा सगळा खेळ गिरीशने बाथरूममध्ये, कडी न लावता काढला. काकूंनी दाराच्या फटीतून पोह्यांची ताटली आत सरकवली. जांभळे जिंकले, त्यामुळे या प्रयोगाला शास्त्राचा दर्जा मिळाला.

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. मला हे ऐकवत नसे. एकदा मी काकांना समजावायला बसले की दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तुझं गणित अगदी बरोबर आहे. पण तू उठू नकोस."

स्टेडियम आमच्या टेकडीच्या पलीकडेच होतं. काका मात्र तिथे जात नसत. फार पूर्वी एकदा गेले आणि टीम हरली, तेवढं पुरेसं होतं. पंचाईत अशी की टीव्हीवर चित्र जरा मागून यायचं आणि स्टेडियमचा आवाज टेकडीवरून आधी यायचा. चेंडू अजून हवेत असताना बाहेरून गर्जना आली की काय झालं ते कळून जायचं. म्हणून शनिवारी घराच्या सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि काकांच्या कानात माकडटोपीखाली कापूस. मग टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो मोठा करायचा. या व्यवस्थेत काही चुकतंय असं त्यांना कधीच वाटलं नाही.

आणि पेढे. गावात इंडियन दुकान एकच, आणि त्याच्या पेढ्यांना फ्रीजचा वास यायचा. काकू रिकोटा चीज, दूधपावडर आणि साखर मायक्रोवेव्हमध्ये फिरवून, वर केशराची काडी लावून पेढे करायच्या. खेळ संपत आला की प्रत्येकाच्या तळहातावर एक पेढा ठेवला जाई. तो धरून बसायचं. जिंकलो तर खायचा, हरलो तर निमूटपणे डब्यात परत. आणि जिंकलो हे कधी ठरणार? घड्याळात शून्य झाल्यावर नाही. रेफ्री मैदान सोडून जायला लागला की मग. "आनंद वेळेआधी खाल्ला की बाधतो," काका म्हणायचे. खरं तर या पेढ्याची सगळ्यांत जास्त आस त्यांनाच असायची, कारण त्यांना मधुमेह होता आणि काकूंनी परवानगी दिलेला तो एकच गोड पदार्थ होता. हरलेल्या शनिवारी ते पेढा डब्यात ठेवताना त्याच्याकडे असे काही बघायचे की मला माझाही द्यावासा वाटे.

या सगळ्या वेडाचं मूळ रस्त्याच्या पलीकडच्या घरात होतं. तिथे वॉल्टर राहायचा. गावातल्या शाळेत तो मुलांना सुतारकाम शिकवायचा, आता निवृत्त झाला होता, बायको वारली होती. काका नवीन आले तेव्हा या वॉल्टरनेच पोर्चच्या पायरीवर शेंगदाणे मांडून त्यांना फुटबॉल समजावून सांगितला होता. तेव्हापासूनची दोस्ती, आणि तेव्हापासूनचंच भांडणही, कारण वॉल्टरच्या मेपलची पानं वाऱ्याने काकांच्या अंगणात येत आणि काका ती पिशवीत भरून साभार परत करत. वॉल्टर त्यांना डॉक म्हणायचा. काकू आमच्याशी बोलताना त्याचा उल्लेख वॉल्टरभावजी असा करायच्या.

तर हा वॉल्टर घरच्या मैदानावरच्या सामन्यांना घड्याळावर बसायचा. या खेळात घड्याळ सारखं थांबतं आणि सुरू होतं. खेळाडूचा पाय रेषेबाहेर पडला की थांबवायचं, खेळ पुन्हा लागला की सुरू. वरच्या काचेच्या खोलीत बसून हे बटण दाबायचं काम वॉल्टर कितीतरी वर्षं करत होता. काकांना त्याचा विलक्षण अभिमान. "आपल्या गल्लीत वेळ राहते," असं ते नव्या माणसाला सांगायचे.

त्या शनिवारी आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. पाहुण्या टीमच्या हातात चेंडू होता आणि घड्याळात जेमतेम काही सेकंद. आमच्या तळहातांवर पेढे आले होते. पाहुण्यांच्या एका पोराने चेंडू झेलला आणि तो रेषेबाहेर धडपडला. त्याच वेळी बंद खिडक्यांतून, कापसातून, टीव्हीच्या आवाजातून टेकडीवरची गर्जना आत आली. मग टीव्हीवर शून्य दिसलं. प्रेक्षकांतली पोरं कठड्यावरून मैदानात उड्या टाकू लागली. गिरीश नाचायला लागला, मी, जी एरवी गणित सांगत होते तीसुद्धा, सोफ्यावर उभी राहिले. काका काय करत होते ते मी त्या गडबडीत पाहिलं नाही.

आणि मग टेकडीवरचा आवाज बंद झाला. टीव्हीवर अजून जल्लोष चालू होता आणि बाहेर सगळं गप्प. काही क्षणांनी आम्हालाही दिसलं. रेफ्री कानाला यंत्र लावून वरच्या काचेच्या खोलीशी बोलत होता. त्याने माईकवर सांगितलं की खेळाडूचा पाय बाहेर पडला तेव्हा एक सेकंद शिल्लक होता. मैदान रिकामं करायला बराच वेळ लागला. मग पाहुण्यांनी त्या एका सेकंदात लाथ मारून चेंडू दोन खांबांच्या मधून घातला. त्याचे तीन गुण असतात. आम्ही एका गुणाने हरलो.

काका उठले, टोपी काढली आणि झोपायच्या खोलीत गेले. हरल्यावर पुढचा विजय होईपर्यंत ते वर्तमानपत्र वाचत नसत, रेडिओ लावत नसत. त्यामुळे गावात काय पेटलंय हे त्यांना पुढचे दोन-तीन दिवस कळलंच नाही.

रविवारी काकू कपडे धुवायला खाली आल्या. वॉशिंग मशीन माझ्या खोलीबाहेरच होतं. काकांचा हाफशर्ट टाकताना त्या थबकल्या, खिशात दोन बोटं घातली आणि चुरा झालेला पेढा बाहेर काढला. "हे बघ यांचं. डब्यात ठेवायचा तो खिशात. आता मुंग्या होतील," असं म्हणत त्यांनी तो चुरा कचऱ्यात टाकला. मी हसले आणि माझ्या असाइनमेंटकडे वळले.

सोमवारी संध्याकाळी चौकशी बसली. काकांनी आम्हाला शनिवारच्या जागांवर बसवलं आणि शेवटचं मिनिट पुन्हा करायला लावलं. कोण कधी उठलं, कुणी कुठे बघितलं, टाळी कुणी वाजवली. मी सोफ्यावर उभी राहिले होते, पण शून्यानंतर, म्हणून मला समज देऊन सोडलं. मग पेढ्यांचा विषय निघाला. काकूंनी आपला डब्यात परत ठेवला होता, मीही ठेवला होता. गिरीश छताकडे बघू लागला.

"गिरीश, तुझा पेढा?"

"काका, शून्य झाल्यावर खाल्ला ना मी. शून्य म्हणजे संपलं ना यार."

"रेफ्री गेला होता?"

"रेफ्रीकडे कोण बघतं? मी पेढ्याकडे बघत होतो."

काकांनी भिंग खाली ठेवलं. भिंग कशासाठी घेतलं होतं कोण जाणे. "आणि काका, तुमचा पेढा?" मी मुद्दाम विचारलं.

"माझा प्रश्नच येत नाही," ते ताठ होऊन म्हणाले. ते खरंच होतं. मी तो चुरा पाहिला होता.

गिरीशला शिक्षा झाली: पुढच्या विजयाचा पेढा नाही, आणि अंगणातली पानं त्याने ओढायची. बुधवारी सकाळी तो दाताळं घेऊन पानं ओढत रस्त्यापर्यंत गेला आणि तसाच धावत परत आला.

"काका, वॉल्टरच्या लॉनवर घड्याळं पडलीत. भरपूर. भिंतीवरची, गजराची, एक तर कोंबडीच्या शेपचं किचन टायमर आहे. लोक टाकून जाऊन राहिले. आणि बोर्ड लावलाय, 'एक सेकंद मिळेल का' असा. त्याचे सगळे पडदे बंद आहेत."

मग आम्हाला काकांना सगळं सांगावं लागलं. गावभर लोक वॉल्टरला दोष देत होते. बटण उशिरा दाबलं म्हणून काहीजण चिडले होते, पण खरा राग वेगळाच होता. रेफ्रीने काचेच्या खोलीत विचारलं तेव्हा वॉल्टरने स्वतःहून सांगितलं होतं की माझा अंगठा मागे पडला, एक सेकंद होता. तो गप्प राहिला असता तर आम्ही जिंकलो असतो. आपल्याच मैदानावर आपल्याच माणसाने पाहुण्यांना सेकंद देऊन टाकला, असं रेडिओवर माणसं फोन करकरून सांगत होती. काकू म्हणाल्या की रविवारपासून त्या फोन करतायत, पण वॉल्टरभावजी उचलत नाहीत.

काकांनी माकडटोपी घातली आणि निघाले. काकूंनी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेतला. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे दाताळ्यासकट गिरीश.

वॉल्टरने बऱ्याच वेळाने दार उघडलं. दाढी वाढली होती. स्वयंपाकघरात सकाळीही दिवा लागलेला होता. पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं, पण मला ते आता मराठीतच आठवतं.

"डॉक, तुम्हीही विचारायला आलात का, सेकंद का दिला म्हणून?"

"सेकंद होता का?" काकांनी विचारलं.

"होता. त्याचा पाय बाहेर गेलेला मी पाहिला. अंगठा दाबेपर्यंत घड्याळ संपलं."

"होता तर द्यायलाच हवा होता. त्यात विचारायचं काय."

वॉल्टर आपल्या अंगठ्याकडे बघत बसला. "इतकी वर्षं हा कधी मागे पडला नव्हता. मी आता थकलो. शनिवारी जाणार नाही. त्यांना सांगतो, बसवा कुणी तरुण पोरगा."

हे ऐकल्यावर काका खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. घड्याळाशिवाय वॉल्टरकडे दुसरं काय राहिलं होतं, हे त्या घरात बघितल्यावर कुणालाही कळलं असतं. फ्रीजवर त्याच्या बायकोचा फोटो होता आणि भिंतीवर त्या काचेच्या खोलीत बसलेल्या त्याचा, त्यात केस काळे होते.

"वॉल्टर, मी आयुष्यभर काय काम केलं?"

"मोडक्या वस्तू बघितल्यात."

"बघितल्या नाहीत, कारणं शोधली. आणि तुला हजारदा सांगितलंय, तडा दिसतो तिथे सुरू झालेला नसतो. तुझा अंगठा ही फक्त तडा दिसला ती जागा. सुरू तो माझ्या घरात झाला." काकांनी माकडटोपी काढून टेबलावर ठेवली. "मी पेढा खाल्ला."

वॉल्टरला पेढ्याचा नियम काकांच्या लग्नापासून माहीत होता. त्याने मान वर केली. "तुम्ही?"

"मी. शून्य दिसलं आणि जिभेवर ताबा राहिला नाही. मला साखर बंद आहे, तुला ठाऊक आहे. रेफ्री मैदानात उभा होता आणि माझ्या तोंडात पेढा होता. त्यानंतर तुझा अंगठा वेळेवर असता तरी काही उपयोग नव्हता."

दारात गिरीश दाताळं धरून उभा होता. "काका, पण तो तर मी..." तो मराठीत म्हणाला.

"तू पानं ओढ," काका मागे न बघता मराठीतच म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सिंककडे पाहिलं. ज्या माणसाने दुधाच्या एका ओघळासाठीसुद्धा कधी खऱ्या कारणाखेरीज दुसरं कारण चालवून घेतलं नव्हतं, तो माणूस टेबलावर हात ठेवून धडधडीत खोटं बोलत होता, आणि कान लाल झाले होते तरी डोळ्याला डोळा भिडवून बोलत होता. मला काका त्या क्षणी इतके आवडले की मी सिंकमधला एक स्वच्छ कप पुन्हा घासायला घेतला.

"तुमचा खरंच विश्वास आहे यावर?" वॉल्टरने विचारलं.

"विश्वासाचा प्रश्न नाही. नियम आहे."

 वॉल्टरचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं तो रडतोय, पण तो हसत होता, आवाज न करता, बऱ्याच दिवसांनी हसणारा माणूस हसतो तसा. काकूंनी तेवढ्यात डबा उघडून खिचडी वाढली.

परत येताना काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "इतक्या वर्षांच्या संसारात हे एकदाही खोटं बोलले नाहीत. आणि पहिल्याच वेळी जमलं की गं." त्यांचा आवाज तक्रारीचा होता आणि चेहरा अजिबात नव्हता.

काकांना एवढ्यावर थांबवणं कुणाला शक्य नव्हतं. भर दुपारी त्यांनी वॉल्टरच्या लॉनवरची सगळी घड्याळं ढकलगाडीत भरून आपल्या लॉनवर आणून मांडली. मग मोठ्या पुठ्ठ्यावर जांभळ्या रंगाने लिहून बोर्ड लावला. त्याचा मराठीत अर्थ साधारण असा: सेकंद या घरात सांडला. तक्रार असेल तर बेल वाजवा.

लोकांनी बेल वाजवली. संध्याकाळी जांभळे स्वेटर घातलेली पाच-सहा पोरं तावातावाने आली. काकांनी त्यांना आत घेतलं, खुर्च्या दिल्या आणि चौकशी सुरू केली. सामना संपताना तुम्ही कुठे होतात? स्टेडियममध्ये. बसून की उभे? उभे. कठड्यावरून उडी कुणी मारली? दोघांनी हात वर केले. "रेफ्री मैदानात असताना?" काकांनी विचारलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "मग थोडा दोष तुमचाही," काका म्हणाले आणि काकूंनी पेढ्यांचा डबा पुढे केला. दुसऱ्या दिवशी आणखी लोक आले. कोपऱ्यावरचा न्हावी आला, त्याने शून्य व्हायच्या आधीच गाडीचा हॉर्न वाजवला होता. त्यालाही त्याचा हिस्सा मिळाला. गावातल्या छोट्या वर्तमानपत्राने माकडटोपीतल्या काकांचा घड्याळांसकट फोटो छापला. तो काकांना बघता येईना, कारण अजून आम्ही जिंकलो नव्हतो. शुक्रवारपर्यंत गावात प्रत्येकाकडे थोडा थोडा दोष पोचला आणि वॉल्टरच्या वाट्याला फारसा उरला नाही.

शनिवारी सकाळी काका खिडकीशी उभे होते. पडदे ओढायची वेळ झाली होती, पण ते ओढत नव्हते. पलीकडच्या गॅरेजचं दार वर गेलं, वॉल्टरची जुनी गाडी उलटी बाहेर आली आणि स्टेडियमच्या दिशेने वळली. वॉल्टरने दाढी केली होती. "चला, जागा घ्या," काका आम्हाला म्हणाले आणि त्यांनी पडदे ओढले. त्या दिवशी आम्ही आरामात जिंकलो. रेफ्री मैदानाबाहेर गेल्यावर काकांनी पेढा खाल्ला आणि आठवडाभराची वर्तमानपत्रं मागवली.

सीझनमधला शेवटचा सामना बाहेरगावी होता. तिथे घड्याळावर दुसरा कुणीतरी, म्हणून वॉल्टर आमच्याकडे आला. काकांनी त्याला आपल्या शेजारची खुर्ची दिली आणि उठायचं नाही म्हणून बजावलं. तो म्हणाला, "मी आयुष्यभर एका खुर्चीत बसून मॅच बघितलीय, डॉक." गिरीशची शिक्षा काकूंनी परस्पर माफ केली होती, त्यामुळे त्याच्याही तळहातावर पेढा होता.

आम्ही चार गुणांनी पुढे होतो. घड्याळात शून्य झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी हललं नाही. टीव्हीवर रेफ्री मैदानाच्या मधोमध उभा होता आणि पुन्हा कानाला यंत्र लावून कुणाचं तरी ऐकत होता. आम्ही सगळे पेढा धरून त्याच्याकडे बघत होतो. मग एकेक करून आम्ही वॉल्टरकडे बघायला लागलो. वेळ संपली की नाही हे त्याच्याहून जास्त कुणाला कळणार?

वॉल्टरने टीव्हीकडे पाहिलं. मग त्याने काकांच्या तळहातावरच्या अख्ख्या पेढ्याकडे पाहिलं.

"डॉक, तुम्ही सुरू करा," तो म्हणाला. "तुम्ही तर शून्यालाच खाता."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, तिथे रेफ्री अजून ऐकतच होता. मग वॉल्टरकडे पाहिलं, तो अगदी गंभीर चेहऱ्याने वाट बघत होता. नाही म्हणावं तर त्या दिवशीचं सगळं बोलणं खोटं ठरणार होतं. जन्मात कधी वेळेआधी पेढा न खाल्लेल्या त्या माणसाने डोळे घट्ट मिटले, माकडटोपी कानांवर आणखी खाली ओढली आणि पेढा तोंडात टाकला.

आम्ही श्वास रोखून बसलो. मीसुद्धा. काकांचे डोळे मिटलेलेच होते आणि जबडा अगदी हळू हलत होता.

रेफ्रीने यंत्र काढून खाली दिलं, हात वर केला आणि खेळ संपल्याची खूण करून तो मैदानाबाहेर चालायला लागला.

"झालं?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"झालं," वॉल्टर म्हणाला आणि त्याने आपला पेढा तोंडात टाकला.